आडनाव तेच, गाव तेच

माझी सगळी नोकरी आगी वाचण्यात गेली. विमा कंपनीत आगीचे दावे तपासायचे, हे माझं काम. फायलीत काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते बघायची सवय मला नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच लागली. आग रविवारीच का लागली? पहारेकरी नेमका त्याच दिवशी गावाला कसा गेला? ऑफिसात ही सवय चांगली होती, माझं नाव होतं त्याबद्दल. घरी आणली की बायको म्हणायची, "अहो, तुम्ही भाजीवाल्याचासुद्धा जबाब घेता." घेत होतो. नाकारत नाही.

जयपूरला बदली झाली तेव्हा मुलगी नववीत होती. एकुलती एक, आणि ही तिची चौथी शाळा. बनी पार्कमध्ये एका जुन्या बंगल्याचा वरचा मजला आम्हाला मिळाला, वर मोठी गच्ची. बायको आणि मी कोकणातले. घरात मराठीच बोलायचं हा आमचा हट्ट. मुलगी बोलायची, पण वाक्याच्या मध्येच 'मतलब' म्हणून थांबायची आणि पुढचं हिंदीत उरकायची. दर तीन वर्षांनी मैत्रिणी मागे सोडून यायच्या, म्हणून की काय, तिने हळूहळू मैत्रिणी करणंच कमी केलं होतं. जयपूरची पहिली दोन वर्षं ती शाळेतून आली की गच्चीवर एकटीच पुस्तक घेऊन बसायची. बायकोला त्याची काळजी वाटायची. मला वाटायचं, बरं आहे, अभ्यास होतो.

अकरावीत तिला मैत्रीण मिळाली. पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिला पोचवायला पांढरी जीप आली होती आणि जीपमधून उतरलेल्या माणसाने आमच्या जिन्याकडे, नंतर माझ्याकडे नीट पाहून घेतलं. चौकशी केली तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, तिचे पप्पा विधायक आहेत." विधायक म्हणजे आपल्याकडचे आमदार. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. आमदाराच्या मुलीला या शहरात मैत्रिणींचा दुष्काळ पडलाय का? भाड्याच्या घरात राहणाऱ्या, उद्या बदली झाली की निघून जाणाऱ्या माणसाची मुलगीच तिला का आवडावी?

आमदाराची पोरगी साधी होती, हे कबूल केलं पाहिजे. यायची, चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात जायची, ओट्याला टेकून बायकोशी गप्पा मारायची. तिला आमची आमटी आवडायची. पोह्यांवर ओलं खोबरं दिसलं की खूश व्हायची. पण त्या साधेपणाचाच मला जास्त संशय यायचा. मी आयुष्यात जितके खोटे दावे पाहिले, त्यातले निम्मे अतिशय साध्या माणसांनी केलेले होते.

त्यातून ती ब्लॉग लिहायची. त्या वर्षी ब्लॉग हा शब्दच नवा होता. आमच्याकडे नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं आणि मुलीने मला कौतुकाने तिचं पान उघडून दाखवलं. टोपणनावाने, हिंदीत. वडिलांचं नाव नाही, पक्षाचं नाव नाही, पण शाळेत सगळ्यांना ठाऊक की हे कोण लिहितं. मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. तिच्या घरी सकाळी सहापासून माणसं येतात, दिवाणखान्यात माणसं, व्हरांड्यात माणसं, म्हणून ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला टेकून गृहपाठ करते. तिच्या आईला दिवसभरात एकदाही गरम चहा मिळत नाही. वडिलांना काही सांगायचं असलं तर ती त्यांच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी देते, कारण गाडीत तेवढे ते एकटे असतात.

"किती छान लिहिते ना?" मुलगी म्हणाली.

"छानच आहे," मी म्हणालो. "म्हणूनच तिने लिहिलेलं नाही. एखाद्या पत्रकाराला धरून लिहून घेतलंय. निवडणुका आल्यात. लोकांना वाटावं, बिचारे नेताजी लोकांसाठी घरदार विसरले."

मुलीने पान बंद केलं. पण मी ते दर आठवड्याला वाचू लागलो. ऑफिसातून आलो, चहा झाला, की आधी ब्लॉग. आज काय लिहिलंय, कशासाठी लिहिलंय, काय लपवलंय. जेवताना मी त्याची चिरफाड करायचो. चिठ्ठीचं प्रकरण मला तर साफ खोटं वाटलं. मुलगी मान खाली घालून जेवायची. बायको एकदा म्हणाली, "अहो, सोळा वर्षांची पोर आहे ती. टीपकागदासारखं जे दिसतं ते टिपते झालं." मी म्हणालो, तुम्हा मायलेकींना जग कळत नाही.

दिवाळीच्या महिनाभर आधी माझ्या टेबलावर एक फाइल आली. झोटवाड्यात रजयांचं एक गोदाम जळलं होतं. रविवारी. पहारेकरी गावाला गेलेला. मी दावा करणाऱ्याचं आडनाव वाचलं आणि खुर्चीत सरळ झालो. आमदारसाहेबांचंच आडनाव. मूळ गावाच्या रकान्यात जे गाव होतं तेही मी ऐकलेलं होतं; पोरीने ब्लॉगवर आजोबांच्या गावाबद्दल एकदा लिहिलं होतं, तेच हे गाव.

इथे मला आमच्याकडची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या कोकणात दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न आडनावाचा, दुसरा गावाचा. दोन्ही जुळलं की तिसरा प्रश्न लागत नाही. एका वाडीत एका आडनावाची घरं म्हणजे भावकी. एकाच मूळ पुरुषाची. सुतक लागतं एकमेकांचं. त्यामुळे मला फाइल पाहून विचार करावाच लागला नाही. चुलता असेल, नाहीतर चुलतभाऊ. मग सगळंच लख्ख दिसायला लागलं. पोरगी आमच्या घरी का येते, ओट्याला का टेकते, आमटीचं एवढं कौतुक कशाला. पोरगी येऊ लागली जुलैत आणि गोदाम जळलं सप्टेंबरात, हा हिशेब जुळत नव्हता. पण ज्यांना गोदाम जाळायचंच असतं ते आधीपासून तयारी करतात, असं म्हणून मी तोही जुळवून टाकला. घरी एक अक्षर बोललो नाही. फक्त पोरगी आली की तिच्यावर नजर ठेवायला मी दिवाणखान्यात बसून राहू लागलो.

आमच्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. कारीट म्हणजे रानात वेलीवर येणारं लिंबाएवढं कडू फळ. तो नरकासुर समजायचा. आता जयपुरात कारीट कुठून आणणार? पहिल्या वर्षी बायकोने मंडईत काचरी पाहिली. तीही तशीच गोल, तेवढीच, हिरवट पिवळी, पट्ट्यापट्ट्यांची. बस्सी गावाकडून येणारी एक म्हातारी विकायची. तिथले लोक काचरीची चटणी करतात, भाजी करतात, वाळवून वर्षभर पुरवतात. आम्ही ती पायाखाली फोडायला लागलो. कडू नसते, आंबट असते, पण नरकासुराने तक्रार केली नाही. एकदा बायकोने म्हातारीला खरं कारण सांगितलं, तेव्हा तिने काचरीची टोपली दुसऱ्या बाजूला ओढून घेतली होती.

त्या वर्षी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पोरगी आमच्याकडे चकल्या करायला बसली होती. ताटलीत तीन काचऱ्या बाजूला काढून ठेवलेल्या तिने पाहिल्या आणि विचारलं. मुलीने तिला सगळं सांगितलं, कृष्ण, नरकासुर, अंगठा. पोरगी इतकी हसली की सोऱ्या तिच्या हातातून सुटला. दुसऱ्या दिवशी ते ब्लॉगवर होतं. 'मेरी सहेली के घर में काचरी खाते नहीं, पैर से फोड़ते हैं।' मग पुढे ताटलीतल्या तीन काचऱ्यांचं वर्णन. त्यातली सगळ्यात मोठी अंकलसाठी, कारण आंटी म्हणतात, त्यांचा राक्षस मोठा आहे.

हे वाक्य बायकोने खरंच उच्चारलं होतं. स्वयंपाकघरात, तिघींमध्ये. कुठल्याही भाड्याच्या पत्रकाराला ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. म्हणजे ब्लॉग पोरगी स्वतः लिहीत होती. माझा इतक्या दिवसांचा संशय एका ओळीत कोसळला. दुसरा कोणी माणूस असता तर तिथे थांबला असता. मी त्या जागी लगेच दुसरा आणून बसवला. आपल्या घरातल्या गोष्टी ती जगाला का सांगते आहे? उद्या कोणी विचारलं, की या अधिकाऱ्याचं नि विधायकांच्या घराचं किती सख्य, तर हे पान आयता पुरावा. मी बायकोला म्हणालो, "आपल्याला अडकवताहेत." ती अनारसे तळत होती. तिने झारा हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि परत कढईकडे वळली.

लक्ष्मीपूजन झालं. आमच्या घरचं फटाक्यांचं शास्त्र वेगळं होतं. दिवाळीनंतर किती दुकानं जळतात हे मी दरवर्षी बघत असल्यामुळे फटाके मी स्वतः आणायचो, फुलबाज्या, भुईचक्रं, थोडे अनार, आणि बस. बाण नाहीत, माळा नाहीत. गच्चीवर पाण्याच्या दोन बादल्या, वाळूचं घमेलं, सगळ्यांना सुती कपडे. एक अनार पेटला, विझला, त्यावर पाणी ओतलं, की मगच दुसरा. मुलगी लहानपणी टाळ्या वाजवायची. आता कंटाळून कठड्याला टेकून उभी राहायची. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्यांवर धूमधडाका, आणि आमच्याकडे एका वेळी एक अनार.

त्यात जिन्यावर पावलं वाजली. पोरगी वर आली. नवा लेहंगा घातलेला, दोन्ही हातांत धरूनही मावत नव्हता एवढा मोठा फटाक्यांचा खोका, मागे ड्रायव्हर मिठाईचा डबा घेऊन.

"अंकल, हैप्पी दिवाली! घर पे इतने सारे आ जाते हैं. हमारे यहाँ तो कोई चलाता ही नहीं. मैंने सोचा, हम सब साथ में चलाएँगे."

मुलगी कठड्यापासून धावत आली. दोन वर्षांत तिला असं धावताना मी पाहिलं नव्हतं. ते मला दिसलं होतं, हे मी कबूल करतो. तरी मी खोक्यावर हात ठेवला आणि तो पोरीकडे ढकलला.

"बेटा, ये वापस ले जाओ. मिठाई भी. और पापा से कहना, फाइल अपने हिसाब से चलेगी."

"कौन-सी फाइल, अंकल?"

"उन्हें पता है."

तिने माझ्या मुलीकडे पाहिलं. मुलीलाही काही ठाऊक नव्हतं. ड्रायव्हर जमिनीकडे बघत होता. मला मात्र त्या क्षणी स्वतःचा अभिमान वाटत होता. एवढ्या मोठ्या माणसाचा डाव मी त्याच्या पोरीच्या तोंडावर उधळून लावला होता. पोरीचा चेहरा हळूहळू उतरला. रडली नाही. चेहऱ्यावरून सगळं पुसून टाकायची तिला सवय असावी. "जी अंकल," म्हणाली, बायकोला वाकून नमस्कार केला आणि खोका उचलून जिना उतरली. खोका जड होता. वळणावर ती एकदा थांबली, तेव्हा ड्रायव्हरने तो घेतला.

मुलगी खाली जाऊन स्वतःच्या खोलीत झोपली. उरलेले अनार मी एकट्याने लावले.

भाऊबीज उरकून ऑफिस उघडलं. त्या गोदामाची पाहणी केलेले सर्व्हेअर भेटायला आले. म्हातारे, जयपूरचेच, साऱ्या जिल्ह्याची खडान्‌खडा माहिती असलेले. मी दार लावून घेतलं आणि त्यांना माझा शोध सांगितला. ते ऐकत राहिले, मग त्यांनी चष्मा काढला.

"साहब, आपको किसने कहा कि रिश्तेदार हैं?"

"सरनेम वही है. गाँव भी वही."

"उस गाँव में दूसरा सरनेम है ही नहीं, साहब. आधी तहसील यही लिखती है. दस हजार आदमी होंगे. और ये पार्टी तो पिछले चुनाव में विधायकजी के सामने वाले का झंडा लेके घूमती थी. इनके घर का तो वो पानी भी न पिए."

मी म्हणालो, अच्छा. गोदामाचा दावा खोटा नव्हता, खरोखरच विजेच्या तारा जळल्या होत्या. मी सही केली. ऑफिसात कोणालाही काही कळलं नाही. सर्व्हेअर बिचारे फक्त एवढंच म्हणाले, की तुमच्याकडे आडनावांची वेगळी पद्धत असेल. चांगला माणूस होता.

त्या संध्याकाळी मी मुलीला सगळं सांगितलं. चुकलो म्हणालो. माझ्या वडिलांनी कधी मला असं म्हटलं नव्हतं, त्यामुळे मला वाटलं, हे फार मोठं काहीतरी मी केलं. "तिचा नंबर दे. मी स्वतः सॉरी म्हणतो."

"नको, बाबा."

"का?"

"तुम्ही सॉरी म्हणाल, ती 'कोई बात नहीं' म्हणेल. तिला आदत आहे." मग शब्द शोधत, थांबत थांबत ती बोलली. "तिच्याकडे ना, सगळे काहीतरी मागायला येतात. मतलब, शाळेतपण. ॲडमिशन, बदली, काहीपण. आपल्या घरी कोणी काही मागत नव्हतं. म्हणून ती यायची. ती मला म्हणाली होती, तुम्हारे पापा तो मुझसे बात भी नहीं करते, कितना अच्छा है."

मी तिच्याशी का बोलत नव्हतो, ते मला ठाऊक होतं. मला लाज वाटली, खरोखरची. पण मी ऐकणारा नव्हतोच. रविवारी उठलो, पत्ता काढला आणि आमदारांच्या बंगल्यावर गेलो.

ब्लॉगवर लिहिलं होतं तसंच सगळं होतं. व्हरांडाभर चपला, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर हातात अर्ज धरून बसलेली माणसं. मलाही एका खुर्चीवर बसवलं. तासाभराने एक सेक्रेटरी वही घेऊन आला. "काम बताइए." मी म्हणालो, काही काम नाही. त्याने मान वर केली. "काम नहीं है तो आए क्यों हैं?" मी म्हणालो, साहेबांच्या मुलीला भेटायचंय, दोन मिनिटं. आता त्याने वही मिटली. कुठे नोकरी, कुठल्या गावचे, बच्चीला कसे ओळखता, आधी कधी आला होता का, तिच्याशी काय बोलायचंय. उत्तरं देताना माझा आवाज खोटं बोलणाऱ्या माणसासारखा यायला लागला. मी खरं बोलतोय यावर त्या माणसाचा कणभर विश्वास नव्हता, आणि त्याच्या जागी मी असतो तर माझाही नसता.

शेवटी पोरगी बाहेर आली. सेक्रेटरी दोन हात अंतरावर उभा राहिला. एवढ्या माणसांसमोर मी हात जोडले. म्हणालो, बेटा, मेरी गलतफहमी थी, माफ करना, घर आओ, आंटी याद करती हैं.

"कोई बात नहीं, अंकल," ती म्हणाली. "आंटी को नमस्ते कहिए." तिने कोणाला तरी मला चहा द्यायला सांगितलं आणि आत गेली. वागण्यात कुठेही खोट नव्हती. बाकीच्या अर्जवाल्यांशी ती अशीच बोलत असणार.

घरी येऊन मी ब्लॉग उघडला. दिवाळीनंतर एकच नवी नोंद होती, दोन ओळींची, परीक्षा जवळ आल्याची. माझ्याबद्दल काहीच नव्हतं. काचरीची नोंद मात्र तिने काढून टाकली होती. आम्हाला अडचण होईल असं तिला कोणी सांगितलं असेल, की तिचं तिलाच वाटलं असेल, मी विचारू शकलो नाही. ती पुन्हा आमच्याकडे आली नाही. शाळेत दोघी बोलत होत्या, एका बाकावर बसत होत्या की नाही ठाऊक नाही. मुलगी परत गच्चीवर पुस्तक घेऊन बसायला लागली.

संक्रांतीला जयपुरात सकाळपासून सगळं शहर गच्चीवर असतं. आकाश पतंगांनी भरून जातं, गाणी लागतात. खालच्या मजल्यावर आठवड्यापूर्वीच एक नवं कुटुंब राहायला आलं होतं. त्यांची मुलगी साधारण आमच्या मुलीच्याच वयाची. ती चक्री हातात घेऊन आमच्या दारात आली, मुलीला हाक मारून म्हणाली, वर येतेस का, मला मांजा धरायला कोणी नाही. बायकोचा चेहरा उजळला. हातातला तिळगुळाचा डबा तसाच ठेवून ती मुलीच्या खोलीत गेली. मी दिवाणखान्यात पेपर घेऊन बसलो होतो, दार उघडंच होतं.

"अगं जा ना," बायको हळूच म्हणत होती. "चांगली वाटतेय पोर. स्वतःहून आलीय बोलवायला."

मुलीचा आवाज आला. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. घराबाहेर पडण्यापूर्वी पाऊस आहे का विचारावं, तसं तिने विचारलं.

"स्वतःहून का आली? तिचे पप्पा काय करतात, ते आधी बाबांना बघू दे."